करण्यात येईल

माझ्या पहिल्या यूज केसमध्ये अकरा पायऱ्या होत्या आणि त्यातल्या सात पायऱ्यांना कर्ताच नव्हता.

मला ते तेव्हा दिसलं नाही. उलट दस्तऐवज फार देखणा वाटत होता. अनुदानासाठी ऑनलाइन अर्ज घेणारी सिस्टीम उभी करायची होती, आणि ती नेमकं काय करणार हे लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं : ‘अर्जाची प्राथमिक छाननी करण्यात येईल. त्रुटी आढळल्यास अर्जदारास कळविण्यात येईल. पात्र अर्ज समितीसमोर ठेवण्यात येतील.’ आयुष्यभर सूचनाफलकांवर वाचलेलं मराठी हातातून आपोआप उतरलं होतं. त्या मराठीला एक भारदस्तपणा असतो. वाचणाऱ्याला वाटतं, वर कुठेतरी सगळं ठरलेलं आहे.

बैठकीला अनुदान विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम होत्या. कागदी अर्जांच्या काळापासून त्या हे काम करत होत्या. बाकीचे पडद्याकडे बघत होते, त्या मात्र छापील प्रत घेऊन बसल्या होत्या, हातात पेन्सिल. मी बोलत असताना त्या मधूनमधून कागदावर छोटी वर्तुळं काढत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. प्रत्येक ‘येईल’भोवती एक वर्तुळ.

“हे सगळं कोण करणार?” त्यांनी विचारलं. “कारण आजवर हे मी करत आलेय. आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय.”

कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

यूज केस हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक उद्देश मनात धरून सिस्टीमपाशी येतो. तो उद्देश साधेपर्यंत किंवा फसेपर्यंत दोघांमध्ये जे जे घडतं, त्याची साध्या वाक्यांत लिहिलेली गोष्ट म्हणजे यूज केस. याने हे केलं, सिस्टीमने ते केलं, मग याने हे केलं. ही कल्पना इव्हार याकोबसन या स्वीडिश अभियंत्याची. ते एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर काम करत. त्यांनी १९८७ मध्ये ती एका परिषदेत मांडली आणि १९९२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ ‘वापराचा प्रसंग’ असा काहीसा. तो इंग्रजीत नीट बसेना, म्हणून घडवलेला ‘यूज केस’ हा जोडशब्द पुढे रूढ झाला.

याकोबसन यांची सुरुवात टेलिफोनपासून झाली, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलंय. टेलिफोनच्या गोष्टीत पात्रांविषयी शंकाच नसते. एक जण रिसीव्हर उचलतो, नंबर फिरवतो, दुसऱ्याकडे घंटी वाजते. पलीकडच्याने उचललंच नाही, लाइन व्यग्र असली, मध्येच कोणी फोन ठेवला, तरी कोणी काय केलं हे स्पष्ट असतं. अनुदानाच्या अर्जाचं तसं नाही. तिथे बहुतेक गोष्टी ‘होतात’. करणारा शोधावा लागतो.

यूज केसमधल्या पात्राला इंग्रजीत ‘ॲक्टर’ म्हणतात. मराठीत त्याला नट म्हणणं हास्यास्पद होईल, पण शाळेच्या व्याकरणात आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे : कर्ता. क्रियापदाला ‘कोण?’ असा प्रश्न विचारला की उत्तरात येतो तो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या वाक्यात राम ‘कडून’ला धरून का होईना, हजर असतो. ‘रावणास मारण्यात आले’ म्हटलं की राम गेला, बाण गेला, फक्त निकाल उरला. त्या बैठकीनंतर मी माझा दस्तऐवज पुन्हा उघडला आणि प्रत्येक वाक्याला ‘कोण?’ विचारत सुटलो. अकरा पायऱ्यांचं ते पान पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. ‘छाननी करण्यात येईल’ याचं उत्तर मिळवायला तीन माणसांना भेटावं लागलं. तिघांनीही एकमेकांची नावं सांगितली.

पहिली पंचाईत तर पहिल्याच शब्दात होती. अर्जदार. माझ्या डोक्यात अर्जदार म्हणजे संगणकासमोर बसलेली एक व्यक्ती. प्रत्यक्षात प्रकल्पाची कल्पना एकाची असते, अंदाजपत्रक दुसराच कोणी करतो, संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार तिसऱ्याला असतो, आणि फॉर्म भरतो तो चौथा, ज्याचं नाव अर्जात कुठेच नसतं. मोठ्या यंत्रणांनी हे फार आधी ओळखलंय. अमेरिकी सरकारच्या ग्रँट्स डॉट गव्ह या पोर्टलवर संस्थेचा अर्ज कोणीही सादर करू शकत नाही. संस्थेने अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या माणसालाच ते बटण दाबता येतं. अर्ज लिहिणारा वेगळा, पाठवणारा वेगळा.

आमच्या पहिल्या आवृत्तीत एका संस्थेला एकच लॉगिन होतं. चाचणीसाठी काही संस्थांना बोलावलं, तेव्हा एका छोट्या संस्थेचे लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आले होते आणि चिठ्ठी हातोहात फिरत होती. त्यात काही गैर आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. आमच्या नोंदीत मात्र अध्यक्षांनी एकाच दुपारी चार वेळा लॉगिन केलेलं दिसत होतं. अध्यक्ष त्या दिवशी आलेच नव्हते. उद्या हिशेबाचा वाद झाला तर सिस्टीम छातीठोकपणे सांगणार होती की आकडा अध्यक्षांनी भरला. म्हणजे कर्ता गाळणं ही एक चूक, आणि भलताच कर्ता लिहून ठेवणं ही त्याहून मोठी. मग आम्ही ‘अर्जदार’ तोडून तीन कर्ते केले : मसुदा लिहिणारा, हिशेब भरणारा, सादर करणारा. एकच माणूस तिन्ही असला तर हरकत नाही. पण नोकरी सोडून गेला तर त्याने अर्धवट लिहिलेला अर्ज कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि त्यातून आणखी एक यूज केस जन्माला आली. आमच्याकडे त्या अशाच वाढत गेल्या.

नुसत्या वाढण्याचाही धोका असतो. एका टप्प्यावर यादी त्रेसष्टवर गेली. त्यात ‘लॉगिन करणे’ होतं, ‘पासवर्ड बदलणे’ होतं, ‘फाइल जोडणे’ होतं, आणि मान खाली घालून सांगतो, ‘रद्द करा हे बटण दाबणे’ हेसुद्धा होतं. ॲलिस्टर कॉबर्न यांनी यूज केस लिहिण्याबद्दल जे मांडलंय त्यात उद्देशांच्या उंच्या आहेत : आकाशात ढग आणि पतंग, मध्ये समुद्राची पातळी, पाण्याखाली मासा आणि तळाशी शिंपला. माणूस एका बैठकीत जे उरकून समाधानाने उठतो ते समुद्रपातळीवर. लॉगिन हा मासा. आज मी लॉगिन केलं म्हणून कोणी घरी जाऊन सांगत नाही. या चाळणीतून काढल्यावर त्रेसष्टाच्या एकवीस झाल्या आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरलं.

पण त्याच चाळणीने एक गोष्ट उघडी पाडली. ‘अर्ज भरणे’ मी बिनदिक्कत समुद्रपातळीवर ठेवलं होतं. अनुदानाचा अर्ज एका बैठकीत कोण भरतं? त्याला आठवडे जातात. माणसं ते वेगळ्या फाइलमध्ये लिहितात, एकमेकांना पाठवतात, खोडतात, शब्दमर्यादेशी भांडतात आणि शेवटी आणून चिकटवतात. आमच्या चौकटीत चिकटवलं की परिच्छेद मोडायचे आणि मर्यादेपलीकडचा मजकूर न सांगता कापला जायचा. न सांगता! अर्जाचं शेवटचं वाक्य, बऱ्याचदा तेच मागणीचं वाक्य, गुपचूप नाहीसं. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आमच्या गोष्टीत माणूस आमच्याच चौकटीत बसून शांतपणे टंकत होता.

ग्रँट्स डॉट गव्हवर अनेक वर्षं अर्जाचा पीडीएफ उतरवून भरायची पद्धत होती. ती फाइल ज्यांच्या ज्यांच्या हातातून जाई, त्या प्रत्येकाकडे ॲडोब रीडरची जुळणारी आवृत्ती असावी लागे, नाहीतर शेवटी अर्ज अडे. २०१७ च्या अखेरीस ती पद्धत बंद झाली आणि अनेकांना एकाच अर्जावर आपापला भाग ऑनलाइन भरता येईल अशी सोय हाच मुख्य मार्ग झाला. अर्ज हा बऱ्याच हातांनी, बरेच दिवस चालणारा प्रकार आहे हे तिथेही रचनेत उतरायला वेळच लागला म्हणायचा. आम्ही ‘अर्ज भरणे’ उचलून पतंगाच्या उंचीवर नेलं आणि त्याखाली ‘मसुदा पुढे नेणे’ अशी यूज केस लिहिली. तिची यशाची खूण एवढीच : माणूस उठून गेला आणि परत आला, तर त्याला जिथे सोडलं तिथेच सगळं सापडावं. डेव्हलपर मंडळींना ती फारच क्षुल्लक वाटली. सिस्टीम सुरू झाल्यावर सर्वांत जास्त वापरली गेली ती तीच.

आता घड्याळाकडे येतो. या कामातला सगळ्यात रंगलेला वाद घड्याळाचाच होता.

‘अंतिम मुदत : सायंकाळी ५’ असं लिहिलं होतं. मॅडमनी पेन्सिल उचलली. कोणाच्या घड्याळात? आम्हाला हा अतिचिकित्सकपणा वाटला. मग शोधायला बसलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची संध्याकाळी पाचची मुदत अर्ज पाठवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात, म्हणजे एकाच मुदतीचे ‘पाच’ ठिकठिकाणी वेगवेगळ्या क्षणी वाजतात. युरोपीय आयोगाच्या योजनांत सहसा ब्रुसेल्सचं घड्याळ चालतं, तुम्ही कुठेही असा. आणि शोधनिबंध मागवणाऱ्या परिषदांच्या जगात एक फारच दिलदार पद्धत आहे : पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून शिल्लक असेल तोवर मुदत संपलेली नाही. हे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे चालतं. तिन्ही नियम आपापल्या जागी न्याय्यच आहेत. आमच्याकडे मात्र नियमच नव्हता. होता तो सर्व्हरचा पत्ता, आणि सर्व्हर कोणत्या वेळेवर चालतो हे बैठकीतल्या एकालाही सांगता आलं नाही.

बरं, घड्याळ ठरलं. मग पुढचं. एकाने ४ वाजून ५८ मिनिटांनी ‘सादर करा’ दाबलं, फाइल मोठी होती, चढायला वेळ लागला आणि ती पूर्ण पोचली ५ वाजून ३ मिनिटांनी. अर्ज वेळेत आला की उशिरा? तांत्रिक बाजूने एक जण म्हणाला, पूर्ण पोचला तो क्षण खरा. दुसरा म्हणाला, दाबलं तो क्षण खरा, पुढचा वेळ आपल्या यंत्राचा. यावर पाऊण तास गेला. यूज केसच्या मुख्य वाटेत, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर जे घडतं त्यात, हे सगळं ‘७. सादर करणारा अर्ज सादर करतो’ या एका ओळीत मावत होतं. खाली जोडलेल्या फाट्यांत, म्हणजे काही बिनसलं तर काय हे सांगणाऱ्या ओळींत मात्र ७अ, ७आ, ७इ करत पान भरलं. मुख्य वाट लिहायला अर्धा तास पुरतो. फाटे लिहिताना कळतं की आपण कोणाच्या बाजूने आहोत. शेवटी ठरलं, दाबल्याचा क्षण धरायचा. मॅडमनी शांतपणे विचारलं होतं, “टपालाच्या रांगेत उभ्या माणसाच्या तोंडावर खिडकी लावून घेतली असती का आपण?”

शेवटच्या तासातली गर्दी हा तर ठरलेलाच प्रसंग, तरी जो तो तिला अपघात समजतो. २००९ मध्ये अमेरिकेत मंदीवर उतारा म्हणून मोठा निधी जाहीर झाला आणि अर्जांच्या लोंढ्याखाली ग्रँट्स डॉट गव्ह कोलमडेल की काय अशी वेळ आली. त्या मार्चमध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाला पोर्टलची क्षमता वाढवण्यासाठी आणि पर्यायी मार्गांसाठी वेगळं पत्रक काढावं लागलं. आमचा आकार त्यापुढे मुंगीएवढा, पण मुंगीलाही पूर येतो. म्हणून आम्ही एक फाटा लिहिला : सिस्टीमच बंद पडली तर मुदत वाढवण्याचा निर्णय कोण घेतो? पहिल्या मसुद्यात, सवयीने, ‘मुदत वाढविण्यात येईल’ असंच आलं होतं. वर्तुळ मीच काढलं.

अर्ज गेल्यानंतरची एक गोष्ट मला अजून टोचते, कारण ती निव्वळ भाषेची होती. सादर झाल्यावर आमच्या पडद्यावर यायचं : ‘आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.’ आम्हाला म्हणायचं होतं, पोचला. चाचणीला आलेल्या एका काकांनी ते वाचलं, हात जोडले आणि आम्हा सर्वांचे आभार मानायला लागले. त्यांना वाटलं, अनुदान मंजूर झालं. ‘स्वीकारणे’ म्हणजे हातात घेणं आणि ‘स्वीकारणे’ म्हणजे मान्य करणं. त्यांना सत्य सांगायचं काम माझ्यावर आलं. ते म्हणाले, “मग तसं लिहा ना.”

इतरांनी हे कसं सोडवलं ते नंतर पाहिलं. ग्रँट्स डॉट गव्हवर सादर केल्यावर आधी मागोवा घेण्यासाठी क्रमांक मिळतो. मग अर्ज यंत्राच्या तपासणीतून जातो आणि एक तर वैध ठरतो किंवा त्रुटींमुळे परत येतो. त्यानंतर संबंधित खातं तो उचलून नेतं. प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द. तिथे पहिल्या पोचेवर विसंबून निवांत झालेला माणूस दोन दिवसांनी त्रुटींच्या ईमेलने जागा होऊ शकतो. पूर्वी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मुदतीनंतर दोन कामाचे दिवस अशा त्रुटी दुरुस्त करता येत. २५ जानेवारी २०११ पासून ती सवलत गेली. आता दुरुस्ती करायची तर मुदतीच्या आतच. कागदावर एक छोटा बदल, पण त्यामुळे ‘वेळेत’ या शब्दाचा अर्थ दोन दिवसांनी अलीकडे सरकला. आम्ही चार शब्द पक्के केले : मिळाला, तपासला, पात्र, मंजूर. ‘स्वीकारला’ हा शब्द पूर्ण सिस्टीममध्ये कुठेही वापरायचा नाही, असा नियमच केला. माझ्या कारकिर्दीत मी केलेली ही बहुधा सर्वांत उपयोगी गोष्ट असेल.

परीक्षकांची यूज केस त्यामानाने सरळ गेली. एकच फाटा अडला. आपल्या ओळखीच्या माणसाचा अर्ज असेल तर परीक्षकाने बाजूला व्हायचं, हे सगळीकडे असतंच. पण ओळखीचा आहे हे त्याला कळणार अर्ज उघडल्यावर. तोवर त्याने तो पाहिलेला असतो. मग अर्जाआधी फक्त नावांची यादी दाखवायची पायरी घातली. झालं.

सगळं संपत आलं असताना मॅडमनी यादी पुन्हा वरपासून वाचली. अर्ज मागवणे, मसुदा पुढे नेणे, सादर करणे, छाननी, परीक्षण, मंजुरी, रक्कम देणे, हिशेब घेणे. “आणि ज्यांना मिळत नाही ते?” त्यांनी विचारलं.

एकवीस यूज केसमध्ये नकाराची एकही नव्हती. शंभरातल्या बहुतेकांच्या वाट्याला जे येणार, ते आम्ही लिहिलंच नव्हतं. ‘अर्ज मंजूर करणे’च्या एका फाट्यात एक ओळ होती : ‘अन्यथा अर्जदारास कळविण्यात येईल.’ कोणी कळवायचं? कधी? कारण सांगायचं का? विचारल्यावर कळलं की आधीच्या कागदी पद्धतीत नियमाप्रमाणे कोणीच कळवत नसे. ठरावीक दिवसांत पत्र आलं नाही तर समजून जायचं, एवढंच. कळवायच्या त्या मॅडम. स्वतःहून, वेळ मिळेल तसं, पोस्टकार्डावर. हे त्यांच्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या गोळा केलेल्या माहितीतही आलं नव्हतं.

बाविसावी यूज केस आम्ही दोघांनी बसून लिहिली. नाव : नकार कळवणे. कर्ता : अनुदान अधिकारी. तिचं नाव आणि पद पत्राखाली यावं ही पहिली अट. ‘१. अधिकारी परीक्षकांचे अभिप्राय वाचते. २. अधिकारी त्यांतले अर्जदाराला सांगण्यासारखे मुद्दे निवडते. ३. अधिकारी नकाराचं पत्र लिहिते. ४. सिस्टीम ते अर्जदाराला पाठवते.’ तिसऱ्या पायरीत यंत्राने ठरावीक मजकूर आपोआप घालावा असा प्रस्ताव आला होता. तो मॅडमनी मान्य केला, पण वर दोन ओळी अधिकाऱ्याने स्वतः टंकल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, अशी खोच मारून. यामुळे दर फेरीला कामाचे किती तास वाढतील याचा हिशेब एकाने लगेच मांडला. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहेत किती.

मग फाटे. ४अ : ईमेल पोचत नाही. ४आ : अर्जदार उत्तर पाठवतो. मी कागद मिटणार तेवढ्यात त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. ‘४इ. अर्जदार फोन करतो.’ आणि तिच्याखाली, ‘४इ१. अधिकारी फोन उचलते.’

हे सिस्टीमच्या कक्षेबाहेर आहे, असा शेरा अंतिम पाहणीत त्या ओळीवर पडला. शेरा नियमाला धरूनच होता. त्या दोन ओळींत सिस्टीम कुठेच येत नाही. मी त्याखाली ‘नोंद घेतली’ असं लिहिलं आणि ओळी तशाच ठेवल्या. दस्तऐवजाच्या नंतरच्या आवृत्त्या माझ्या हातून गेल्या. मध्यंतरी सहज विचारलं तर आताच्या टीमने सांगितलं, ४इ अजून आहे.